‘आपली परिस्थिती, दुसऱ्याचा स्वभाव’: हा नियम नाही

सहकाऱ्याला उशीर झाला तर तो आळशी, आपल्याला झाला तर लोकल लेट होती. माणसाचा कल सर्रास असाच असतो, असं १९७१ साली जोन्स आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं. पुढे ते नियम म्हणूनच शिकवलं गेलं. पण २००६ मध्ये बर्ट्रम माले यांनी १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठी दिलेल्या कारणांतला सरासरी फरक जवळजवळ शून्य निघाला! चूक किंवा अपयश असेल तर हा कल थोडाफार दिसतो. यशाच्या वेळी मात्र उलटं: आपलं ते कर्तृत्व, दुसऱ्याचं ते नशीब.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ‘तिने नोकरी का सोडली?’ ‘आईजवळ राहायचं होतं तिला.’ यात ना स्वभाव, ना परिस्थिती. हा हेतू आहे, आणि कुणी जाणूनबुजून काही केलं, तर रोजच्या बोलण्यात आपण बहुतेकदा हेतूच सांगतो. जुन्या वाटणीत त्याला जागाच नव्हती.