पंढरपुरातील चातुर्मास

आषाढ शुद्ध एकादशी (शयनी) ते कार्तिक शुद्ध एकादशी (प्रबोधिनी) या काळात पंढरपूर (जि. सोलापूर) क्षेत्री मुक्काम करून भजन, पारायण व कीर्तन यांच्या नेमाने आचरावयाचे व्रत. पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर, सोलापूरच्या पश्चिमेस सुमारे ७५ किमी.वर आहे. येथे नदीला चंद्रकोरीसारखे वळण असल्याने तिला चंद्रभागा म्हणतात. आषाढी व कार्तिकी या येथील दोन मोठ्या यात्रा चातुर्मासाच्या आरंभी व शेवटी येतात. यात्रेकरू त्या दोन टोकांना येऊन जातो. मधले महिने क्षेत्रातच काढणारा तो चातुर्मासाचा वारकरी.

पावसाळ्यात प्रवास थांबवून एका जागी राहण्याची रीत बौद्ध, जैन व वैदिक संन्यासी या तिघांतही आढळते. तिचा काळ मात्र एक नाही. बौद्धांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिन्यांचा, जैनांचा आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिक शुद्ध चतुर्दशीपर्यंत. संन्यासी आषाढी पौर्णिमेला व्यासपूजा करून बसतात आणि पक्षालाच मास मानण्याच्या वचनाचा आधार घेऊन बरेचजण भाद्रपद पौर्णिमेला उठतात. वैदिक चातुर्मास्य याग ही निराळी बाब. वैश्वदेव, वरुणप्रघास व साकमेध ही त्याची पर्वे चार-चार महिन्यांच्या अंतराने येतात. त्यांतील दोन आषाढी व कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास पडतात, म्हणून या यागाशी चातुर्मासाचा दुवा जोडला जातो. परंतु तो ऋतुसंधीचा याग आहे, मुक्कामाचा नेम नव्हे. पंढरपूरचा चातुर्मास देवाच्या शयन-प्रबोधनाला बांधलेला व गृहस्थांनाही खुला आहे; त्यामुळे त्याचे नाते यागापेक्षा पौराणिक वैष्णव व्रतांशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते.

पंढरपुरात ही रीत केव्हा रुजली, याला शिलालेखांचा आधार अपुरा आहे. शके ११५९ (इ.स. १२३७) चा होयसळ सोमेश्वराच्या काळचा लेख आणि विठ्ठल मंदिरातील शके ११९५ पासूनचा (१२७३–७७) ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ यांवरून तेराव्या शतकातील देवस्थानाची प्रतिष्ठा कळते, चार महिने राहण्याची रीत त्यावरून सिद्ध होत नाही. इ.स.च्या सहाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका ताम्रपटातील पांडरंगपल्ली म्हणजे पंढरपूरच, हे सर्वमान्य नाही. पुंडलिकाविषयीही दोन मते आहेत. संशोधकांपैकी रा. गो. भांडारकर त्याला वारकरी संप्रदायाच्या प्रवर्तकाच्या जागी ठेवतात, रा. चिं. ढेरे पुंडरीकेश्वर या शैव स्थानाकडे बोट दाखवतात. नदीच्या वाळवंटातील पुंडलिकाच्या देवळातले शिवलिंग व तेथील कोळी समाजाचे पुजारीपण पाहता दुसऱ्या मताकडे कल होतो. आषाढी-कार्तिकीची जोडी नामदेवांच्या नावावरील अभंगात स्पष्ट येते. तेव्हा चौकट जुनी, आणि मठ व फड (एकेका महाराजांच्या परंपरेतील वारकऱ्यांचे समूह) यांनी भरलेले तिचे आजचे रूप बरेच अलीकडचे, असे म्हणता येते. वासकर, देहूकर, शिरवळकर, आजरेकर हे त्यांतील परिचित फड होत.

कालगणनेत चूक होण्याच्या जागा दोन. पहिली अधिक मासाची. चातुर्मास एरवी सुमारे ११८ दिवसांचा असतो. २०२४ मध्ये तो १७ जुलै ते १२ नोव्हेंबर असा होता. श्रावण, भाद्रपद वा आश्विन अधिक आला की मुक्काम एक महिन्याने लांबतो. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे तो २९ जून ते २३ नोव्हेंबर, म्हणजे पाच महिन्यांच्या घरात गेला. २०२० मध्ये अधिक आश्विनाने तेच झाले. आषाढ अधिक असेल (उदा. २०१५) तर शयनी निज (अधिकानंतरच्या) आषाढात धरतात, तेव्हा चातुर्मास लांबत नाही, उशिरा सुरू होतो. शिधा, भाडे व रजा यांचा हिशेब चार महिन्यांचा धरून आलेल्याची अधिकाच्या वर्षी ओढाताण होते ती यामुळे.

दुसरी जागा दशमीवेधाची. सूर्योदयापूर्वी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी विद्ध ठरते व वैष्णव दुसऱ्या दिवशी उपवास करतात. पंचांगात त्या दिवसापुढे ‘भागवत एकादशी’ असे छापलेले असते आणि वारकरी तीच पाळतात. २०२५ मध्ये प्रबोधिनीची स्मार्त एकादशी १ नोव्हेंबरला आणि भागवत २ नोव्हेंबरला होती. पंढरपूरची कार्तिकी २ तारखेला झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरात नुसते ‘एकादशी’ पाहून निघालेला अशा वर्षी एक दिवस आधी पोहोचतो.

मुक्काम मठात, धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत किंवा मंदिर समितीच्या भक्तनिवासात करतात. दशमी ते द्वादशी खोली मिळणे दुरापास्त असते. पालख्यांबरोबरचे लोक नदीपलीकडच्या ‘६५ एकर’ नावाच्या जागेत राहुट्या टाकतात. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होऊन पालख्या परतल्या की गाव मोकळे होते. नव्याने राहू पाहणाऱ्याने तेव्हाच सामान हलवावे. नेम एकादशीलाच धरायचा असेल तर मठात आधी शब्द टाकून ठेवावा. मठात राहणारा बहुधा माळकरी असतो, आणि नसला तरी मद्यमांस वर्ज्य व एकादशी बंधनकारक असते.

दिनक्रम फडागणिक बदलतो. पहाटे स्नान, मग पुंडलिक, नामदेव पायरी व विठ्ठल असा दर्शनाचा क्रम. गर्दी असेल तर मुखदर्शन किंवा कळसाला हात जोडणे पुरते. नंतर नगरप्रदक्षिणा, सकाळी पारायण वा गाथ्याचे भजन, दुपारी प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. एकादशीला जागर व द्वादशीला पारणे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या सप्ताहात रोज तेराशेच्या आसपास वाचाव्या लागतात. चातुर्मासात त्याच रोज ७५–८० ने पुऱ्या होतात, आणि अर्थ सांगायला सवड मिळते. सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णनही तेव्हाच सावकाश उलगडता येते. आसन-प्राणायामाला या मुक्कामात स्वतंत्र तास नसतो. योगशिबिर समजून आलेल्याला याचे नवल वाटते खरे, पण चार-पाच तास मांडी घालून बसणे आणि पावलीवर (भजनाच्या ठेक्यावर पावले टाकत) उभे राहणे नवख्याच्या गुडघ्यांना पुरेसे असते.

सप्ताहात वीणा अखंड चालते. पहारेकरी ती गळ्यात घालून उभ्याने नामस्मरण करतो. पाळी संपली की पुढचा आधी वीणेच्या व मग त्याच्या पाया पडतो आणि गळ्यातून गळ्यात घेतो. तारेचा झणत्कार मध्ये तुटू द्यायचा नाही. पाळीची घसरण होते ती मध्यरात्रीनंतर, म्हणून त्या वेळेला जाणता माणूस नेमतात.

आहारात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य. आषाढ शुद्ध नवमीला ‘कांदेनवमी’ करून घरोघरी कांद्याची हौस भागवून घेतात. कडक व्रत करणारे एकादशी ते एकादशी या मापाने क्रमाने पालेभाजी, दही, दूध व द्विदल (डाळी-कडधान्ये) सोडतात. शेवटचा महिना जड जातो, कारण आमटी, पिठले, उसळ तिन्ही जातात. तेव्हा फळभाज्या व कढी यांवर भागवतात, आणि कढीला बेसनाऐवजी तांदळाची पिठी लावतात. शेंगदाणा द्विदलात धरायचा की नाही, हे ज्या त्या मठाच्या रिवाजावर.

नदीचे पाणी पंढरपूरच्या पावसावर ठरत नाही. वर उजनी धरण आहे, आणि उजनीच्या खाली नरसिंगपूरला नीरा मिळत असल्याने वीर धरणाचा विसर्गही भीमेत येतो. पुणे जिल्ह्यातली धरणे भरल्यावर, बहुधा श्रावण-भाद्रपदात, विसर्ग वाढतो. स्वच्छ ऊन पडलेले असतानाही वाळवंटातील देवळे व जुना दगडी पूल पाण्याखाली जातात; व्यासनारायण वसाहत व अंबाबाई पटांगणाकडे पाणी लवकर शिरते. अशा दिवसांत स्नान घाटाच्या पायऱ्यांवर, तांब्याने करावे. पूर ओसरल्यावर धोका उलट वाढतो. वाळूउपशाने पडलेले खड्डे गढूळ पाण्यात दिसत नाहीत, आणि गुडघाभर पाण्यातून चाललेला एका पावलात गळ्यापर्यंत जातो. तीर्थ म्हणून नदीचे पाणी तोंडात घेणे टाळावे. पोटाच्या तक्रारी याच काळात होतात.

ज्यांना चार महिने जमत नाहीत, असे सोलापूरकडचे अनेकजण शुद्ध एकादशीची महिन्याची वारी धरतात; मोहोळमार्गे एस.टी.ने सकाळी जाऊन रात्री परतता येते. रेल्वेने कुर्डुवाडी जंक्शनमार्गे जावे लागते. प्रबोधिनीनंतर मठ रिकामे होतात, आणि बरेच वारकरी कार्तिक वद्य एकादशी ते त्रयोदशीच्या ज्ञानेश्वर समाधी सोहळ्यासाठी थेट आळंदीची वाट धरतात.