हीटर लावला की ॲव्हरेज पडतं का?

डिसेंबर-जानेवारीत बेळगावजवळच्या जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पहाटे गाडी काढली की काच आतून धुरकटते, बोटं गारठतात. तरी हीटर लावायला अनेकजण कचरतात. एसीसारखंच हीटरनंही ॲव्हरेज पडतं, अशी पक्की समजूत. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत ती चूक आहे.

जळलेल्या इंधनातली साधारण तिसरा हिस्सा ऊर्जाच गाडी ओढायच्या कामी येते. उरलेली उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून वाया जाते. त्याच उष्णतेनं तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरवून त्यावर पंखा मारायचा, हाच हीटर. खर्च काय तो पंख्याचा, शे-दोनशे वॅट. काच साफ करायच्या सेटिंगवर बऱ्याच गाड्यांत एसीही चालू होतो आणि थोडं इंधन खातो. पण घाटात समोरचं दिसण्यापुढे तो हिशोब करूच नये.

खरा खर्च जादा हीटरचा. डिझेल इंजिन काटकसरी, त्यामुळे वाया जाणारी उष्णता कमी आणि तापायला वेळ फार. म्हणून थंड मुलखासाठी बनवलेल्या डिझेल गाड्यांत पीटीसी नावाचा विजेचा हीटर बसवतात. त्यातली सिरॅमिक चकती ठरावीक तापमानाला पोचली की तिचा विद्युतरोध झपाट्यानं वाढतो, म्हणून ती स्वतःच आवरते. आता हिशोब बघा. एक किलोवॅट उष्णतेसाठी अल्टरनेटरला (गाडीतल्या वीज बनवणाऱ्या यंत्राला) इंजिनाकडून दीडेक किलोवॅट घ्यावे लागतात आणि तेवढे द्यायला इंजिन पाचेक किलोवॅटचं डिझेल जाळतं. लिटरभर डिझेलात सुमारे 10 किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे तासाला जवळजवळ अर्धा लिटर! तेच डिझेल वेगळ्या बर्नरमध्ये थेट जाळलं तर साधारण चौथाई भागात काम भागतं. कूलंट तापलं की पीटीसी बंद होतो, म्हणून एकूण फटका लहान. पण रोज पाच-सहा किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर तो जाणवतो. इलेक्ट्रिक गाडीत वाया जाणारी उष्णता फारशी नसतेच, तिथं हीटर थेट बॅटरीवर चालतो आणि रेंज घटवतो.

आपल्या भागात मात्र मला काळजी वाटते ती थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉल्व्हची. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग थंडीत कूलंट सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन गारच राहतं, ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं. हीटर कोमट आणि ॲव्हरेजही कमी, दोन्हीकडून तोटा. तपासायचं असेल तर गार इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात लांब ठेवून, रेडिएटरच्या वरच्या होजला हलकेच हात लावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज काही मिनिटं गारच राहतो आणि साधारण 80-90 अंशांना वॉल्व्ह उघडला की झटकन तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढलेला आहे. नवा बसवून घ्या. आणि गाडी तापायचं मूळ कारण रेडिएटर, वॉटर पंप किंवा पंख्यात शोधायला सांगा.