लिफ्ट बसवण्याआधी क्रॉसकडे बघा

दिवाळीच्या चार दिवस आधी शेजारच्या गल्लीतला मुलगा घरी आला आणि चहा यायच्या आतच म्हणाला, "काका, गाडी चार इंच उची करनी शे." मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असलेली जुनी थार जीप त्याने नुकतीच सेकंडहँड घेतली आहे. मोबाइलवर त्याने एक व्हिडिओ दाखवला. उंच केलेली जीप दगडांवरून चढते आहे, आणि मागून आवाज येतो की लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचे सुटे भाग, बसवलं की गाडीला रस्ता लागतच नाही. पोराला तळोद्याहून अस्तंब्याच्या पायथ्यापर्यंत जायचं होतं, पुढे चांदसैली घाट चढून धडगाव आणि जमलं तर बिलगाव.

मी त्याला नको म्हटलं नाही. सातपुड्यातल्या वाटांवर दोन इंच उंची कधी कधी खरोखर कामाला येते. पण गाडी उचलली म्हणजे नेमकं काय उचललं जातं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी डिप्लोमाच्या मुलांना पंचवीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवलं. त्याच्याशी तासभर बोललो, तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

गाडीचे दोन भाग समजा. वर चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी आणि आपण. खाली चाकं आणि त्यांना जोडणारा ॲक्सल. मधे स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे. सस्पेंशन लिफ्टमध्ये या दोन भागांमधलं अंतर वाढतं. वरचा भाग वर जातो, खालचा जिथे होता तिथेच राहतो. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शिअलचा, म्हणजे इंजिनाचं फिरणं दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचा गोल डबा असतो आणि अशा गाडीत जमिनीला सगळ्यात जवळ तोच असतो. चार इंच काय, दहा इंच लिफ्ट केली तरी तो डबा एक सूतही वर जात नाही.

आपल्याकडे हे कुठे नडतं ते शेतकऱ्याला विचारा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात किंवा शिरपूर-शहाद्याच्या कापसाच्या शिवारात गाडीवाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या खोल होत जातात आणि उंचवटा तसाच राहतो. त्या उंचवट्यावर जीप अडकते ती डिफरन्शिअलच्या डब्यावर. चाकं चाकोरीत गरागरा फिरतात आणि गाडी डब्यावर बसलेली असते. जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती, पण ती अशा वाटेवर अडकत नसे, कारण तिचं चाक मोठं आणि आख उंचावर. आख जमिनीपासून किती वर, हे चाकाची त्रिज्या ठरवते. म्हणून डबा वर न्यायचा एकच सोपा मार्ग आहे, मोठा टायर. २९ इंचाऐवजी ३१ इंच व्यासाचा टायर घातला की आख एक इंच वर जातो. पण तेवढा टायर चाकाच्या कमानीत मावत नाही, वळवताना घासतो. लिफ्टचं पहिलं काम हे आहे, मोठ्या टायरला जागा करून देणं. दुसरं काम म्हणजे चढाला लागताना पुढचं नाक आणि उतरताना मागचं शेपूट जमिनीला टेकू न देणं. आधी टायर ठरवायचा, मग त्याला लागेल तेवढीच लिफ्ट. व्हिडिओवाले हा क्रम उलटा सांगतात.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

गिअरबॉक्स वरच्या भागात, डिफरन्शिअल खालच्या. दोघांना जोडणारा फिरता दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. स्प्रिंग दबते-सुटते तसा त्याचा कोन बदलत राहतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. प्रत्येक सांध्यात अधिक चिन्हासारखा एक पोलादी तुकडा असतो, चार हातांचा. गॅरेजमध्ये त्याला क्रॉस म्हणतात. त्याचे समोरासमोरचे दोन हात एका दांड्याच्या दुबेळक्यात आणि उरलेले दोन दुसऱ्याच्या. वाकलेल्या अवस्थेतही फिरणं पुढे पोचवणारा हा सांधा मला यंत्रशास्त्रातल्या सगळ्या जोडण्यांत जास्त आवडतो, कारण तो दिसायला साधा आहे आणि वागायला नाही.

तो एकसारखा वेग देत नाही. आत येणारा दांडा अगदी सारख्या वेगाने फिरत असला, तरी बाहेरचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो.

पटत नसेल तर भिंतीवरचं घड्याळ काढून हातात घ्या. मध्यापासून प्रत्येक आकड्यापर्यंत रेघ आहे असं समजा. सगळ्या रेघांमध्ये ३० अंशांचं अंतर आहे. आता ९ आणि ३ च्या आडव्या रेघेभोवती घड्याळ मागे कलवा, चांगलं ६० अंश, आणि हात लांब करून समोरून बघा. तबकडी लंबगोल दिसते. ३ आणि ४ च्या रेघांमधलं अंतर आता जेमतेम १६ अंश दिसतं, आणि १२ ते १ मधलं फुगून ४९ होतं. घड्याळात काहीच बदललेलं नाही, फक्त बघण्याचं प्रतल बदललं. क्रॉसचं अगदी हेच होतं. त्याचे दोन हात पहिल्या दांड्याला काटकोनात असलेल्या वर्तुळात फिरतात, उरलेले दोन दुसऱ्या दांड्याच्या वर्तुळात. दांडे एका रेषेत नसले की ही दोन वर्तुळं एकमेकांना कललेली असतात. एका वर्तुळातली सारखी पावलं दुसऱ्यात कमी-जास्त मापाची पडतात.

गणितात मांडायचं तर एका कोनाचं टॅन म्हणजे दुसऱ्याचं टॅन गुणिले सांध्याच्या वाकाचं कोसाइन. शाळेतली त्रिकोणमिती विसरला असाल तर एवढंच धरा: वाक दुप्पट झाला की वेगातला हेलकावा सुमारे चौपट होतो. ६ अंशांच्या वाकाला बाहेरचा दांडा साधारण अर्धा टक्का पुढे-मागे होतो. ९ ते १० अंशांना दीड टक्का, १३ अंशांना २.६ टक्के, आणि ३० अंशांना १५ टक्के.

सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याला हा हेलकावा माहीत होता आणि त्याने त्याचा उपयोगही करून घेतला. सूर्य एकसारख्या गतीने फिरत असला, तरी सपाट जमिनीवरच्या सूर्यघड्याळात तासांच्या रेघा सारख्या अंतरावर पडत नाहीत. तिथेही तेच टॅनचं नातं आहे, म्हणून सूर्यघड्याळाच्या रेघा आखायला त्याला हा सांधा सोयीचा वाटला. १६७६ साली छापलेल्या एका पुस्तिकेत त्याने या सांध्याचं वर्णन केलं. त्याच पुस्तिकेच्या शेवटी त्याने लॅटिन अक्षरांचं एक कोडं घातलं आणि १६७८ मध्ये स्वतःच ते सोडवलं: जेवढं ताणलं, तेवढं बळ. शाळेत शिकतो तो स्प्रिंगचा नियम. लिफ्ट बसवताना गॅरेजवाला ज्या दोन गोष्टींना हात लावतो, स्प्रिंग आणि क्रॉस, त्या दोन्हींचं गणित साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या एका पुस्तिकेत होतं. मला याचं अजून नवल वाटतं.

मग नव्या गाडीत थरथर का जाणवत नाही? सांधे दोन असतात म्हणून. पहिल्याने केलेला हेलकावा दुसरा उलट करून पुसून टाकतो. पण त्याला दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचा वाक सारखा हवा, आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांची दुबेळकी एका रेषेत हवीत. या अटी पाळल्या तर डिफरन्शिअलला एकसारखा वेग मिळतो. मधला दांडा मात्र तरीही घाई-रेंगाळ करतच राहतो, आणि वाक वाढला की त्याचे झटके बेअरिंगांना आणि क्रॉसला बसतात. ताशी ८० किलोमीटरला असा दांडा सेकंदाला अडतीसएक फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पाऊणशेच्या वर हेलकावे.

पोराची गाडी घेऊन हिशेब करू. धरा की मागचा प्रोपेलर शाफ्ट ८०० मिलिमीटर लांब आहे आणि दोन्ही सांधे मुळात ६ अंश वाकलेले आहेत. चार इंच लिफ्ट केली की वाक ७ अंशांनी वाढून १३ होतो आणि हेलकावा पावणेपाच पट. दोन इंचांत तो अडीच पट होतो, जो चांगला क्रॉस सोसतो. शाफ्ट जितका आखूड तितका हा कोन वेगाने वाढतो, म्हणून लांब पिकअपला चालणारी लिफ्ट आखूड जीपला चालत नाही. किटच्या खोक्यावर हे लिहिलेलं नसतं.

यापेक्षा वाईट गोष्ट स्वस्त लिफ्टमध्ये आहे. पाट्याचं मागचं टोक ज्या कडीला लटकतं ती शॅकल लांब बसवली की गाडी उचलते, आणि खर्च जवळजवळ नाहीच. पण शॅकल दोन इंच लांब केली तर मधोमध असलेल्या ॲक्सलपाशी गाडी एकच इंच उचलते. पुढचं टोक खिळलेलं, मागचं खाली गेलं, म्हणजे अख्खा पाटा कलतो आणि त्याला बांधलेला ॲक्सलही अडीच अंश फिरतो. डिफरन्शिअलचं नाक वर होतं. मागच्या सांध्याचा वाक कमी होतो आणि पुढच्याचा वाढतो. दोन्ही सारखे हवेत, ती अट मोडली. यावर इलाज आहे, पाटा आणि ॲक्सलच्या मधे योग्य कोनाची पोलादी पाचर घालायची. आपल्याकडे नांगरापासून दारापर्यंत पाचरीचं शास्त्र सगळ्यांना येतं, पण शॅकल विकणारा पाचरीबद्दल बोलत नाही.

दुसरी अट मोडली की काय होतं ते मी स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या जीपला दोन इंच लिफ्ट करून घेतली. गॅरेजमध्ये प्रोपेलर शाफ्ट मधल्या दातेरी जोडातून सुटा केला आणि खूण न जुळवता परत घातला. साठच्या पुढे गाडी अशी थरथरायची की आरशात मागचं काही दिसेना. नातेवाइकांनी उतारा केला, बंपरला काळी बाहुली बांधली, एकाने गाडी अमावास्येला आणल्याचं शोधून काढलं. दोन आठवड्यांत मागचं बेअरिंग गेलं. मग एका सकाळी मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. पुढचं दुबेळकं उभं होतं आणि मागचं जवळजवळ आडवं. दोन सांधे एकमेकांचा हेलकावा पुसण्याऐवजी त्यात भर घालत होते. दोन तुकड्यांवर कारखान्यात ठोकलेले बाण चिखलाखाली तसेच होते. पोचाऱ्याने पुसल्यावर दिसले, जुळवले, आणि थरथर त्याच दिवशी थांबली. नजर लागली म्हणून बाहुली बांधणाऱ्या माणसांच्या काळजीला मी नावं ठेवत नाही. पण त्या काळजीने दोन आठवडे आम्ही गाडीखाली बघितलं नाही, आणि घाटात बेअरिंग जाम झालं असतं तर तोरणमाळच्या एखाद्या वळणावर जीवावर बेतलं असतं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधली रुंदी १५२० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० वर धरला तर गाडी कागदावर ४७ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत टिकते. तो १०० मिलिमीटरने वर गेला तर ४३ ते ४४ पर्यंत. प्रत्यक्षात स्प्रिंगा आणि टायर दबतात, त्यामुळे गाडी त्याआधीच पलटते, आणि बांधावरून तिरकं उतरताना हेच तीन-चार अंश लागतात. पुढच्या बाजूला या थारमध्ये पाट्याऐवजी टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी सळई. त्याचा बोल्ट पिळला की नाक वर येतं, पण चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक जमीन सोडतं आणि हवेत फिरत बसतं. फार कडक पाटे घातले तरी तेच. नाल्यातल्या गोट्यांवर उंच गाडीपेक्षा चारही चाकं टेकवणारी गाडी आधी निघते. मोठ्या टायरने वेगमापकही चुकतो. २९ चे ३१ केले तर काटा साठ दाखवताना गाडी चौसष्टने जाते.

आणि पावसाळ्यातली काळी जमीन. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत गोळा होतं. तिथे लिफ्टचा काडीचा उपयोग नाही. दोन दिवस ऊन पडू द्यावं.

कायदाही बघायला हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते अधोरेखित केलं. आरटीओत विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

हे सगळं ऐकून पोराने मोबाइल खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या थारखाली आडवे झालो. कोन मोजायचं ॲप लावून मोबाइल आधी गिअरबॉक्सच्या टोकाला, मग शाफ्टला, मग डिफरन्शिअलला टेकवला आणि तिन्ही आकडे खडूने चेसिसवर लिहिले. शाफ्टच्या दातेरी जोडावर दोन्ही बाजूंनी पंचने ठिपके मारून घेतले. चार इंचांचं त्याने सोडून दिलं. नव्या पाट्यांची दोन इंचांची लिफ्ट हवी, शॅकलची नको, असं त्याने स्वतःच ठरवलं आणि आधी आरटीओत विचारून येतो म्हणाला. अस्तंब्याला तो आहे तशाच गाडीने गेला, टायरमधली हवा थोडी कमी करून, आणि चांदसैलीच्या वर पोचल्यावर त्याचा फोन आला की डबा एकदाही टेकला नाही.