हाफ मॅरेथॉनचा सराव

हाफ मॅरेथॉन ही २१.०९७५ किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत असून तिचे अंतर पूर्ण मॅरेथॉनच्या (४२.१९५ किमी) बरोबर निम्मे असते. न थांबता ५ किमी धावू शकणाऱ्या निरोगी माणसाला तयारीसाठी साधारण १२ ते १६ आठवडे लागतात. या काळात हृदय, रक्ताभिसरण आणि स्नायू भराभर सुधारतात. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडे मात्र कित्येक महिने घेतात. महिना-दीड महिन्यात दम लागेनासा होतो, मग उत्साहाने अंतर आणि वेग दोन्ही एकदम वाढवले जातात, आणि नडगी किंवा टाच दुखायला लागते. नवख्यांच्या बऱ्याच दुखापती अशाच होतात.

म्हणून आठवड्यात चार दिवस धावणे पुरते. त्यांतले तीन दिवस संथ, एक दिवस वेगाचा. संथ दिवसांपैकी एक, बहुधा रविवार, ‘लाँग रन’चा: तो दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरने वाढवत १८ किमीपर्यंत न्यावा आणि दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर पाव हिश्श्याने घटवावे. ‘आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढ नको’ हा लोकप्रिय नियम आडाखा म्हणून ठीक आहे. त्याला पक्का शास्त्रीय आधार नाही.

संथ म्हणजे किती संथ, हे घड्याळापेक्षा श्वास चांगले सांगतो. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग योग्य. दोन-तीन शब्दांनंतर धाप लागली तर जास्त. केवळ नाकाने श्वास घेण्याचा अट्टहास करू नये. वेग वाढला की नाक-तोंड दोन्ही लागतात. श्वास पोटापर्यंत जाऊ द्यावा: उताणे झोपून एक हात छातीवर, एक पोटावर ठेवावा आणि श्वास घेताना पोटावरचा हात वर येतो का ते पाहावे. हे जमले की तेच चालताना, मग धावताना करावे. काही धावक तीन पावलांत श्वास घेतात आणि दोन पावलांत सोडतात, त्यामुळे उच्छ्वास दर वेळी त्याच पावलावर येत नाही. लय सापडायला हे बरे, पण बंधनकारक नाही. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करून, दुखऱ्या जागी बोटे दाबून, ओठ आवळून सावकाश श्वास सोडावा. भरपेट खाऊन किंवा खूप गोड सरबत पिऊन धावणाऱ्यांना ही कळ हमखास गाठते.

धावताना ढोबळमानाने दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोच्या माणसाला हाफसाठी सुमारे १,२५० लागतात. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा (शरीराने साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा त्याहून मोठा असतो. त्यामुळे आदल्या रात्री पास्त्याची मेजवानी झोडण्याचे कारण नाही. नेहमीचा वरण-भात उत्तम. उसळ, कोशिंबीर आणि तळलेले टाळावे. यकृतातला साठा मात्र रात्रभरात उतरतो, म्हणून शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी पोहे किंवा ब्रेड-जाम खावा. दीड तासाहून जास्त धावायचे असेल तर तासाला किमान ३० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, म्हणजे एक मोठे केळे किंवा तेवढ्याच कर्बोदकांचे जेल (धावताना चोखायचे गोड, दाट मिश्रण). जेलची चव शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घेणाऱ्याला बरेचदा शौचालय शोधावे लागते.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर करावा. लाँग रनच्या आधी आणि नंतर, घामाचे कपडे काढून वजन करावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी. २ टक्क्यांहून जास्त घट झाली तर पिणे कमी पडले. वजन वाढले तर प्रकार अधिक गंभीर: तहान नसताना ढोसलेल्या पाण्याने रक्तातले सोडियम उतरते, मळमळ आणि गोंधळलेपणा येतो, क्वचित जिवावर बेतते. पाळी येणाऱ्या धावपटूंनी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) रक्ततपासणीत पाहून घ्यावे. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकते. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह कमी शोषले जाते, लिंबू पिळले की वाढते.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वर घाट चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाही तो उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि त्यांचे तंतू फाटतात. त्याआधीच्या महिन्यात दोन-तीनदा उताराचा सराव केला तर हा त्रास बराच घटतो. उतारावर पावले छोटी आणि जलद टाकावीत. टाच पुढे फेकून ब्रेक लावल्यासारखे धावू नये.

पावसात ओले कपडे घासतात, म्हणून काखा, जांघा आणि स्तनाग्रांवर व्हॅसलीन चोपडावे. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर नख काळे पडते. शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळी घेऊ नये. पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारखे औषध मूत्रपिंडांना इजा करू शकते.

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर ठणकत असेल तर अंतर कमी केल्यावर, पोटऱ्यांचे व्यायाम केल्यावर बहुधा आराम पडतो. पण एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्रीही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता धरून धावणे तिथेच थांबवावे. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. शंका राहिली तर डॉक्टर एमआरआय करायला सांगतात.