पार्श्वभूमी : दोन समुद्रांच्या वाटेवरचं प्वेब्ला

मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात गेलेला माणूस निळ्या-पांढऱ्या फरश्यांनी मढवलेल्या भिंती बघतो, मोले नावाचं कालवण खातो आणि शेजारच्या चोलुलाची टेकडी चढतो. यातली टेकडीच तेवढी मूळची इथली म्हणता येईल. बाकी जवळजवळ सगळं बाहेरून आलं आणि इथलं होऊन बसलं.

ती टेकडीसुद्धा खरी टेकडी नाही. आकारमानाने जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा पिरॅमिड गवताखाली झाकला गेलाय आणि त्याच्या डोक्यावर स्पॅनिशांनी चर्च बांधलंय. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या सैन्याने चोलुलात मोठी कत्तल केली. त्यानंतर बारा वर्षांनी, १६ एप्रिल १५३१ रोजी, जवळच प्वेब्ला वसवलं गेलं. अटलांटिकच्या बाजूचं व्हेराक्रूझ बंदर आणि मेक्सिको सिटी यांच्या वाटेवर, ज्यांच्या वाट्याला जहागिरी आल्या नव्हत्या अशा स्पॅनिशांसाठी. बिशप हुलियान गार्सेसला स्वप्नात देवदूत दोरी धरून रस्ते आखताना दिसले, अशी कथा आहे. दोरी देवदूतांनी धरली असेलही, पण दगडमाती वाहिली ती आसपासच्या त्लास्काला-चोलुलाच्या मूळनिवासी मजुरांनी.

कॅथेड्रलचं काम १५७५ मध्ये सुरू झालं आणि १६४९ मध्ये बिशप पालाफोक्सने त्याचं पवित्रीकरण केलं. त्याआधी १६४६ मध्ये त्याने आपली पाच हजार पुस्तकं देऊन ग्रंथालय उभं केलं होतं. आज तिथे पंचेचाळीस हजारांच्या आसपास ग्रंथ आहेत. वेळ कमी असेल तर कॅथेड्रल घाईत बघा, ग्रंथालय घाईत बघू नका.

फरश्या आणि भांड्यांना तालावेरा म्हणतात. कथलाचा पांढरा लेप देऊन भाजण्याची ही रीत स्पेनमधून आली, आणि त्याआधी स्पेनमध्ये ती अरबांकडून आली होती. १६५३ मध्ये कुंभारांच्या संघाने नियमच घालून दिले. त्यात निळ्या रंगाचा सोस दिसतो तो चिनी भांड्यांमुळे. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधल्या मनिलाहून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या अकापुल्कोला गलबतं येत होती आणि त्यांतला माल खुष्कीने प्वेब्लामार्गे व्हेराक्रूझकडे जाई.

मोलेची चव कळायला हीच वाट ध्यानात हवी. अ‍ॅझ्टेकांच्या नावात्ल भाषेत ‘मोल्ली’ म्हणजे कालवण. सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, लवंग, दालचिनी, मिरी आणि थोडं चॉकलेट, सगळं भाजून-तळून दगडी पाट्यावर वाटायचं आणि टर्कीच्या मांसावर ओतायचं. वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी वाटण करणाऱ्याला यात नवल वाटेल ते चॉकलेटचंच. मिरची-शेंगदाणे आपल्याकडे आले ते अमेरिकेतून, आणि लवंग-दालचिनी तिकडे गेली ती आशियातून. सांता रोसाच्या मठात एका जोगिणीने पाहुण्या बिशपसाठी हा पदार्थ रचला असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण इतक्या जिनसांचं वाटण एका दुपारी सुचत नाही.

चिलेस एन नोगादाचीही अशीच मठातली कथा आहे: १८२१ मध्ये स्वातंत्र्याचा करार करून परतणाऱ्या सेनापती इतुर्बिदेसाठी केलेली भरली मिरची, वर अक्रोडाचं पांढरं कालवण आणि डाळिंबाचे दाणे. कथा खरी असो-नसो, ताजे अक्रोड आणि डाळिंबं मिळतात ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, तेव्हा जायचं तर त्याच दिवसांत. एरवी ताकोस आराबेस, म्हणजे ‘अरबी ताको’, आहेतच. गेल्या शतकात पश्चिम आशियातून आलेल्यांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची रीत आणली आणि प्वेब्लाने त्यात डुकराचं मांस घातलं.

आणि एक बाईही याच वाटेने आली. मूळची हिंदुस्थानातली, पोर्तुगीजांनी पळवून कोचीला आणलेली, मनिलात गुलाम म्हणून विकलेली. प्वेब्लात ती कातारिना दे सान हुआन झाली. आशियातून आलेल्या कुणालाही तिथे ‘चिनो’ म्हणत, म्हणून तिचं नाव पडलं ‘चिना पोब्लाना’, म्हणजे प्वेब्लाची चिनी बाई. लोक तिला संत मानू लागले. १६८८ मध्ये ती वारली. जेझुइट पंथाच्या एका पाद्र्याने तिचं तीन खंडांत चरित्र लिहिलं, त्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १६९६ मध्ये बंदी घातली. टिकल्या लावलेला घागरा आणि भरतकामाची चोळी हा ‘चिना पोब्लाना’ पोशाख दुकानांत तिच्या नावावर खपतो, पण तो एकोणिसाव्या शतकातला, तिचा नव्हे. तिला पुरलं ते जेझुइटांच्या चर्चमध्ये. कॅथेड्रलपासून ते चालत काही मिनिटांवर आहे.