दुर्मिळ कार्ड आणि दुर्मिळ ग्रेड: यात गल्लत नको

खेळाडूचं चित्र छापलेलं जुनं बेसबॉल कार्ड महाग असण्याची दोन कारणं असतात आणि नवे कलेक्टर ती हमखास एकमेकांत मिसळतात. एक तर ते कार्डच जगात मोजकं उरलेलं असतं. किंवा कार्डं चिक्कार असतात, पण कोरीकरकरीत अशी जवळजवळ नसतात.

पहिल्या प्रकाराचा राजा म्हणजे होनस वॅग्नर. १९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून जी कार्डं वाटली, त्यांना आज टी२०६ संच म्हणतात. पिट्सबर्गच्या या खेळाडूने आपलं चित्र वापरायला हरकत घेतली आणि त्याच्या कार्डाची छपाई थांबली. मुलांनी कार्डापायी सिगारेटी विकत घेऊ नयेत म्हणून, असं काही सांगतात. पैशावरून फिसकटलं, असं इतर म्हणतात. आज जेमतेम साठेक कार्डं माहीत आहेत. अवस्थेची इथे फारशी पर्वा कुणी करत नाही. २०२२ मध्ये फाटलेलं, निम्मंच उरलेलं वॅग्नर पावणेपाच लाख डॉलरच्या वर गेलं! त्याच वर्षी दहापैकी फक्त २ ग्रेडचं (ग्रेड म्हणजे कार्डाच्या अवस्थेला दिलेले गुण) अख्खं कार्ड साडेबाहत्तर लाख डॉलरला विकलं गेलं.

आता अँडी पाफ्को घ्या. खेळाडू चांगला, पण वॅग्नरच्या पंक्तीतला नव्हे. टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५२ च्या ४०७ कार्डांच्या संचात त्याचा क्रमांक पहिला, आणि तोच नडला. पोरं कार्डं क्रमाने लावायची, वर रबरबँड चढवायची. सगळ्यात वर पाफ्को! रबराने कडांना खाचा पडायच्या, कोपरे झिजायचे, डाग पडायचे. मळका, दुमडलेला पाफ्को आजही सहज मिळतो. पण पीएसए या ग्रेडिंग कंपनीने १० ग्रेड दिलेला पाफ्को १९९८ मध्ये ८३,८७० डॉलरला गेला. ती किंमत निव्वळ कोपऱ्यांची आणि कडांची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो त्याच संचातल्या ३११ क्रमांकाच्या मिकी मँटलवरून. न खपलेली कार्डं टॉप्सने १९६० मध्ये समुद्रात बुडवली, ही गोष्ट ऐकून लोक त्याला वॅग्नरच्या रांगेत बसवतात. खरं तर छपाईच्या तावावर मँटल दोनदा होता, आणि एकट्या पीएसएने त्याची हजाराहून जास्त कार्डं ग्रेड केली आहेत. (हे त्याचं रुकी कार्ड, म्हणजे पहिलं कार्डही नव्हे, ते १९५१ चं, बोमन कंपनीचं.) ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, कारण त्या प्रतीला एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीने ९.५ ग्रेड दिला होता. मँटलची लोकप्रियता आहेच, पण एवढा आकडा ग्रेडशिवाय शक्य नव्हता.

म्हणून ग्रेडसाठी पैसे मोजताना जास्त सावध राहावं लागतं. झिजलेली कड केसभर छाटली की कोपरा पुन्हा टोकदार दिसतो. पीएसएने ८ ग्रेड दिलेलं सर्वात प्रसिद्ध वॅग्नर आपणच छाटल्याची कबुली बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. वॅग्नर असल्यामुळे त्या कार्डाला आजही मोल आहे. छाटलेल्या पाफ्कोला कोण विचारणार?

पॉप्युलेशन रिपोर्टवरही, म्हणजे कुठल्या ग्रेडची किती कार्डं आहेत याच्या ग्रेडिंग कंपनीच्या यादीवरही, डोळे झाकून विसंबू नका. वरचा ग्रेड मिळेल या आशेने लोक स्लॅब (ग्रेड केलेलं कार्ड ज्यात बंद असतं ती प्लास्टिकची डबी) फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात. जुनं लेबल परत केलं नाही, तर एकच कार्ड दोनदा मोजलं जातं. उलट, एखाद्या माळ्यावर नवा साठा सापडला की 'एकमेव' असलेलं कार्ड एकमेव राहत नाही.

पहिलंच व्हिंटेज कार्ड घेत असाल, तर ८ आणि ९ मधल्या फरकात पैसे घालू नका. १९५२ च्याच संचातलं ४ ग्रेडचं, चित्र नीट मधोमध बसलेलं आणि रंग टवटवीत असलेलं कार्ड शोधा. कोपरे थोडे गोलसर असले तरी चालतील.