कोरोना, पियुषिका आणि न जाणारा थकवा

एप्रिल 2021 मध्ये नाशकात बेडसाठी जी पळापळ झाली ती सगळ्यांना आठवते, पण नंतरच्या पावसाळ्यात घरोघरी जे चाललं होतं त्याची बातमी कधी झाली नाही. आमच्या सिडकोतल्या मामांचंच घ्या, रिपोर्ट निगेटिव्ह, ऑक्सिजन 97, आणि तरी दुसऱ्या मजल्यावर जाताना मधल्या पायरीवर टेकायचे, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, जेवण नको. मामी म्हणायची अशक्तपणा आहे जाईल, मग नाचणीची पेज, खारीक, काय काय झालं. शेवटी एका डॉक्टरांनी सकाळी 8 ची कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीराला ताण झेलायला लावणाऱ्या हार्मोनची, टेस्ट लिहून दिली आणि ती बरीच कमी आली.

आता कॉर्टिसॉल बनतं किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीत, पण हुकूम सुटतो वरून. शाळेत शिकलेली पियुषिका, म्हणजेच पिट्युटरी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली, वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्याकडून एसीटीएच नावाचं हार्मोन निघालं की अॅड्रिनल कामाला लागते. थायरॉइड, पाळी, वाढ, दूध, सगळीकडे हिचाच कारभार.

या ग्रंथीवरचा संशय 2020 चा नाही. 2003 ची सार्सची साथ, तोही कोरोना विषाणूच, ती ओसरल्यावर सिंगापूरच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की बरे झालेले लोक थकलेलेच आहेत. त्यांनी अशा 61 जणांच्या हार्मोन टेस्ट केल्या, 24 जणांचं कॉर्टिसॉल कमी निघालं आणि तिघांचा थायरॉइड वरच्या हुकुमाअभावी मंदावलेला. वर्षभरात बहुतेकांचं कॉर्टिसॉल आपोआप सुधारलं. हे 2005 मध्ये छापून आलं. चीनमध्ये सार्सने गेलेल्यांच्या शवविच्छेदनात तर मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात, म्हणजे पिट्युटरीलाही हुकूम देणाऱ्या भागात, विषाणूच्या खुणाही मिळाल्या होत्या. पण सार्स गेला आणि विषय फायलीत गेला.

मग 2020. नवा विषाणू पेशीत शिरायला एसीई2 नावाचं दार वापरतो आणि ते दार हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीतही असतं, त्यामुळे जुन्या फायली परत उघडल्या. कोविडमध्ये पिट्युटरीत अचानक रक्तस्राव होऊन भयंकर डोकं दुखणं, नजर जाणं, अशा तुरळक केसेसही नोंदल्या गेल्या (डोळ्यांच्या नसा ग्रंथीच्या अगदी वरूनच जातात). आपल्याकडे घोणस चावल्यावर पिट्युटरी निकामी झाल्याच्या केसेस डॉक्टरांना जुन्या माहितीच्या आहेत, म्हणजे या वाटाण्याचा रक्तपुरवठा नाजूक हे काही नवीन नव्हतं.

पण खरा गुंता स्टेरॉइडने केला असं मला वाटतं. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त 10 दिवस, दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना मात्र फायदा दिसला नाही. हे दुसरं वाक्य आपल्याकडे पोचलंच नाही. लोकांनी व्हॉट्सॅपवर आलेली प्रिस्क्रिप्शन दाखवून गोळ्या आणल्या, महिना महिना घेतल्या, आणि बाहेरून असं कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड येत राहिलं की पिट्युटरी म्हणते माझी गरज नाही, एसीटीएच बंद, अॅड्रिनल सुस्त. मग गोळी एका दिवसात बंद केली की माणूस बसतोच. म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीची, साथ आली त्यातही याच स्टेरॉइडचा आणि वाढलेल्या शुगरचा मोठा हात होता.

मामांना डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, गोळ्या किती दिवस घेतल्या? मामांनी पाकिटातून रिकामी स्ट्रिप काढली, म्हणाले, "पाच आठवडे. संपल्या म्हणून थांबलो."

पण स्टेरॉइडला हातही न लावलेले लोकही दमलेलेच होते. 2023 मध्ये अमेरिकेतल्या येल आणि माउंट सायनायच्या टीमने लाँग कोविडवाल्यांचं, म्हणजे कोविडनंतर महिनोन्महिने त्रास न गेलेल्यांचं, सकाळचं कॉर्टिसॉल इतरांच्या जवळपास निम्मं असल्याचं छापलं, आणि गंमत म्हणजे एसीटीएच वाढलेलं नव्हतं, खरं तर खाली माल कमी पडला की वरून ओरड व्हायला हवी. त्यानंतरच्या काही अभ्यासांत मात्र असा फरक दिसला नाही, त्यामुळे भांडण अजून मिटलेलं नाही.

मामांना परत स्टेरॉइडच्या थोड्या डोसवर घेतलं, मग आठवड्या-आठवड्याने कमी करत आणलं. दिवाळीनंतरची टेस्ट नॉर्मल आली. त्यांच्या बाबतीत दोष विषाणूचा किती आणि त्या स्ट्रिपचा किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.